ढगांचे बी समुद्रावर कसे रुजते?

हुबळीच्या कमरीपेठेत उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर समुद्र दिसण्याचा प्रश्नच नाही. किनारा तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. तरीही जून उजाडला की या जुन्या, दाटीवाटीच्या पेठेतील माणसाची नजर पश्चिमेच्याच आभाळाकडे वळते. तेथे येणारे पावसाळी ढग गोवा-कारवारच्या समुद्रावरूनच निघालेले असतात. कुळे, कॅसलरॉक, लोंढा असे टप्पे घेत आपली रेल्वे हुबळीला पोहोचते. ढगांची वाटही साधारण तीच. फरक इतकाच की घाट चढताना ढग आपले बहुतेक ओझे अलीकडेच उतरवून ठेवतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर हुबळीच्या वाट्याला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा येतो.

ही तूट थोडीफार तरी भरून निघावी म्हणून कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘वर्षाधारी’ या नावाने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २०१९ मध्ये त्यासाठीचे एक विमान हुबळीहून उड्डाण करीत असे. असे विमान ढगापर्यंत जाते आणि पंखांना बांधलेली क्षारांची नळकांडी पेटवून त्यांचा धूर ढगात सोडते. या कामाला आपण ‘ढगांत बी पेरणे’ म्हणतो. शब्द चपखल आहे. मात्र त्यातून एक प्रश्न सहज निर्माण होतो. विमानाने पेरलेले बी मूठभर ढगांपुरते. मग अरबी समुद्रावर दरवर्षी जो अफाट मेघसंभार उभा राहतो, त्यात बी कोण पेरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत आणि ते अद्याप पूर्ण झालेले नाही. जेवढे हाती आले आहे, तेही विलक्षण आहे. समुद्रावरील ढगांच्या बियांपैकी मोठा भाग कोणी आणून टाकलेला नसतो. तो तेथल्या हवेतच, वायूंच्या रेणूंपासून, अक्षरशः शून्यातून घडतो. या घडण्याला ‘नवकणनिर्मिती’ म्हणतात.

थेंबाला बी का लागते?

हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. बाष्पाच्या रेणूंनी एकत्र येऊन चिमुकला थेंब बनवायचा म्हटले तर त्याचा पृष्ठभाग अतिशय वक्र असतो. अशा वक्र पृष्ठभागावरील रेणूंना शेजाऱ्यांचा आधार कमी मिळतो आणि ते पटकन निसटतात. थेंब बनतो न बनतो तोच विरून जातो. पूर्णपणे निर्मळ हवेत केवळ बाष्पापासून थेंब बनायचा असेल तर सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कित्येक पट वाढावी लागते. प्रत्यक्ष ढगात मात्र ती शंभराच्या वर क्वचितच एखाद्या टक्क्याने जाते.

तरीही ढग बनतात, कारण हवेत तरंगणारे सूक्ष्म कण थेंबाला बसायला पाट देतात. पाण्यात विरघळणारा, निदान पन्नास ते शंभर नॅनोमीटर व्यासाचा कण मिळाला की बाष्प त्याच्यावर साचते आणि थेंब तग धरतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर हजार नॅनोमीटरच्या घरात असते; यावरून या कणांच्या लहानपणाची कल्पना यावी. अशा तरंगत्या कणांना ‘एरोसोल’ हे एकत्रित नाव आहे आणि त्यांतील ज्यांच्यावर ढगाचा थेंब बसू शकतो, तेच ढगाचे बी.

स्कॉटलंडमधील जॉन एटकेन या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दाखवून दिले. बंद पात्रातील दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि हवेत कण असल्यास प्रत्येक कणावर धुक्याचा थेंब धरतो. तीच हवा कापसातून गाळून घेतली तर धुके होत नाही. डोळ्यांना न दिसणारे कण मोजण्याचे यंत्र त्याने यातूनच तयार केले. आजही दहा ते शंभर नॅनोमीटरच्या कणांना त्याच्याच नावाने ओळखतात.

बियांची संख्या किती, यावर ढगाची जात ठरते. स्वच्छ समुद्रावरील हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या लहानशा खड्याएवढ्या जागेत, शंभरच्या आसपास बिया असतात. जमिनीवरील धुरकट हवेत हाच आकडा हजारावर जातो. बाष्प तेवढेच आणि बिया दसपट झाल्या की प्रत्येकाच्या वाट्याला पाणी थोडे येते आणि थेंब बारीक राहतात. बारीक थेंबांचा ढग अधिक पांढरा दिसतो आणि सूर्याचा प्रकाश अधिक परतवतो. शॉन टूमी या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही गोष्ट मांडली. असे थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हायलाही वेळ लागतो. पावसाचा एक मध्यम थेंब बनण्यासाठी ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या विलंबाचे महत्त्व कळते.

म्हणूनच हुबळीवरील ढगांना बियांचा तुटवडा असतो असे समजणे चुकीचे ठरेल. जमिनीवरून गेलेल्या हवेत बारीक बिया भरपूर असतात. कृत्रिम पावसाचे विमान उष्ण ढगात सोडते ते मोजकेच पण टपोरे बी, जेणेकरून काही थेंब इतरांपेक्षा लवकर मोठे व्हावेत. तेथे पाऊस कमी पडतो त्याचे मुख्य कारण सह्याद्री आहे, बियांची उणीव नव्हे.

मीठ आणि वास

समुद्र हवेला दोन प्रकारे बी पुरवतो. पहिला प्रकार डोळ्यांना दिसणारा आहे. लाट फुटली की पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटतात तेव्हा अतिसूक्ष्म तुषार उडतात. तुषारातले पाणी सुकते आणि मिठाचा कण हवेत राहतो. किनाऱ्यालगतच्या घरांतील खिडक्यांचे गज वर्षभरात गंजतात, ती याच कणांची करणी. मिठाचे कण उत्तम बी आहेत, पण ते तुलनेने मोठे आणि संख्येने थोडे असतात. समुद्रावर जितके ढगबीज सापडते, त्यातील फार मोठ्या भागाचा हिशेब मिठाने लागत नाही.

दुसरा प्रकार दिसत नाही, मात्र त्याची चाहूल नाकाला लागते. समुद्राचा म्हणून जो एक वास आपण ओळखतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मोठा वाटा आहे. पाण्याच्या वरच्या थरात सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती प्लवक, आपल्या पेशींत गंधकयुक्त पदार्थ साठवतात. हे प्लवक मरतात किंवा बारीक जीव त्यांना खातात तेव्हा तो पदार्थ पाण्यात सुटतो, जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून हा वायू निघतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लवलॉक यांनी १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ या जहाजावरून प्रवास करताना अटलांटिकच्या पाण्यात तो ठिकठिकाणी मोजला. आजच्या अंदाजानुसार जगातील समुद्र दरवर्षी सुमारे दोन कोटी ऐंशी लाख टन गंधक या एका वायूच्या रूपाने हवेत सोडतात.

आपल्याकडेही त्याचा शोध घेतला गेला आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी झुआरी नदीच्या मुखप्रदेशात या वायूचे प्रमाण ऋतूनुसार कसे बदलते याचा अभ्यास केला. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाचे थंड, अन्नद्रव्यांनी समृद्ध पण प्राणवायू जवळजवळ संपलेले पाणी वर सरकते. मासेमारीवर त्याचा काय परिणाम होतो हे येथील दर्यावर्दींना ठाऊक आहे. कांदोळीजवळच्या समुद्रातून वर्षानुवर्षे घेतलेल्या नमुन्यांवरून याच प्राणवायूहीन पाण्यात डायमिथाइल सल्फाइडचे प्रमाण फार वाढते, हेही दिसून आले आहे. म्हणजे ढगाच्या बियांचा कच्चा माल आपल्या अंगणातच तयार होतो.

रेणू एकत्र येतात तो क्षण

वायू हवेत आला म्हणजे कण झाला असे नव्हे. उन्हामुळे हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत क्रियाशील रेणू तयार होतात. ते या वायूवर तुटून पडतात. एक-दोन दिवसांत बराचसा वायू संपतो आणि त्यातून इतर पदार्थांबरोबर सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो. त्यावर पुन्हा हायड्रॉक्सिलची क्रिया होऊन अखेर गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल बनते. गंधकाम्लाची वाफ हवेत एकटी राहायला नाखूश असते. दुसरा रेणू भेटला की त्याला चिकटावे, ही तिची प्रवृत्ती.

पण दुसरा रेणू भेटणेच दुर्मीळ. समुद्रसपाटीवरील एका घनसेंटिमीटर हवेत सुमारे पंचवीस अब्ज अब्ज रेणू असतात. त्यांत गंधकाम्लाचे रेणू भर दुपारी फार तर दहा लाख ते एक कोटी. म्हणजे लाखो कोटी रेणूंत एखादा. इतक्या गर्दीत दोन नातलगांची गाठ पडावी, त्यांना तिसरा मिळावा आणि चौथा येईपर्यंत पहिल्या तिघांनी एकमेकांना सोडू नये, एवढे सारे जुळून यावे लागते. दोन-चार रेणूंचा पुंजका बहुधा क्षणार्धात फुटतो. एक-दीड नॅनोमीटरचा उंबरठा ओलांडला तर मात्र पारडे फिरते. त्यानंतर निसटणाऱ्या रेणूंपेक्षा चिकटणारे अधिक होतात आणि पुंजक्याचा कण होतो.

उंबरठा ओलांडण्यासाठी त्याला मदतनीस लागतो. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ नावाचा प्रयोग चालू आहे. सव्वीस घनमीटरच्या, पोलादी भिंतींच्या एका अतिस्वच्छ पात्रात वातावरणाची नक्कल करून तेथे कणांचा जन्म पाहिला जातो. त्याचे पहिले मोठे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीलगतच्या उबदार हवेत केवळ गंधकाम्ल, पाणी आणि अमोनिया यांच्या बळावर निसर्गात दिसतात तितके कण जन्मू शकत नाहीत, असे त्यातून कळले. उंचावरील थंड हवेत मात्र हे त्रिकूट पुरेसे ठरू शकते. पुढे २०१३ मध्ये याच प्रयोगाने दाखविले की अमाईन गटातील रसायनांचा अगदी लेशही निर्मितीचा वेग हजारपटीहून अधिक वाढवतो. मासळी बाजारात ज्या वासाने पाय टाकण्याआधीच वर्दी मिळते, तो वास याच गटातील रसायनांचा. समुद्राचे दोन्ही परिचित वास, खाऱ्या वाऱ्याचा आणि मासळीचा, असे ढगाच्या जन्माशी जोडलेले आहेत.

तरवा रुजतो कुठे?

जन्म झाला तरी बी तयार झालेले नसते. दीड नॅनोमीटरच्या कणाला साठ नॅनोमीटरपर्यंत वाढायचे असते. व्यासाच्या हिशेबात ही वाढ चाळीसपट, तर आकारमानाच्या हिशेबात चौसष्ट हजारपट. ताशी दोन-तीन नॅनोमीटर वेगाने वाढत गेल्यास त्याला जवळजवळ दिवसभर लागतो आणि निर्मळ समुद्रावर, जेथे वाढीला लागणारी वाफ विरळ असते, तेथे कित्येक दिवस. या काळात सर्वांत मोठा धोका असतो तो थोरल्या कणांचा. नवजात कण हलका असल्याने सैरावैरा धावतो आणि वाटेत मिठाचा किंवा धुराचा मोठा कण आला की त्याला चिकटून नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तर ज्या वाफेवर त्याने वाढायचे ती वाफही हेच मोठे कण आधी पिऊन टाकतात.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तरवा दाट तणात टाकला तर रोप वर येत नाही. नवकणनिर्मितीचे गणितही असेच आहे: एका बाजूला वाफेचा पुरवठा, दुसऱ्या बाजूला जुन्या कणांनी केलेली लूट. पुरवठा वरचढ ठरेल तेथेच नवे कण तगतात.

या गणितामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या समुद्रातून वायू निघतो, त्याच्या पृष्ठभागालगत कण सहसा जन्मत नाहीत. तेथे मिठाचे कण विपुल असतात आणि हवाही उबदार असते. पुरवठा असूनही लूट भारी पडते. मग कण जन्मतात कुठे? उंच ढगांच्या माथ्यावर. मोठे पावसाळी ढग समुद्रालगतची हवा दहा-बारा किलोमीटर उंचीवर उचलून नेतात. वाटेत पाऊस जुने कण धुऊन काढतो; वायूचा काही भाग मात्र वर पोहोचतो. ढगाच्या माथ्यातून बाहेर पडणारी ही हवा धुतलेली, कडाक्याची थंड आणि प्रखर उन्हात न्हालेली असते. तरव्यासाठी याहून चांगली जमीन नाही. तेथे जन्मलेले कण हवेबरोबर सावकाश खाली उतरतात, उतरताना वाढतात आणि समुद्रालगत पोहोचेपर्यंत बी होण्याच्या लायकीचे होतात.

अमेरिकेच्या नासा संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांवरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत विमान फिरवून कणांची मोजमापे घेतली. उष्ण कटिबंधातील उंच हवेत नवजात कणांचा विस्तीर्ण पट्टा असल्याचे आणि ते खाली उतरून ढगांना बी पुरवत असल्याचे त्यातून दिसले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. याला अपवादही आहेत. अटलांटिकमधील अझोरेस बेटांजवळ थंड वाऱ्याची लाट पाऊस पाडून पुढे सरकली की तिच्यामागच्या स्वच्छ हवेत समुद्रालगतच्या थरातही कण जन्मतात, असे आढळले आहे. नियम मात्र तोच: आधी धुणे, मग पेरणी.

ओहोटीची गोष्ट

समुद्राच्या भात्यात गंधकाखेरीज आणखी एक बाण आहे, तो आयोडीनचा. किनाऱ्यावर ऊन असताना ओहोटीच्या वेळी हवेतील कण वाढतात, ही गोष्ट एटकेनच्याही लक्षात आली होती. आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील मेस हेड येथील वेधशाळेत शतकभरानंतर त्याचा उलगडा झाला. ओहोटीने उघडे पडलेले समुद्रशैवाल आयोडीनयुक्त वायू सोडते, उन्हात त्यांची ऑक्साइडे होतात आणि काही मिनिटांत एका घनसेंटिमीटरमधील कणांची संख्या लाखाच्या पुढे जाते.

अशा दाट शैवालाचे किनारे जगात मोजके. म्हणून आयोडीन हे स्थानिक नवल आहे, असे बराच काळ मानले जाई. पुढे कळले की उघड्या समुद्राचे पाणीही आयोडीन सोडते. हवेतील ओझोन पाण्यावर उतरला की पाण्यातील आयोडाइडशी त्याची क्रिया होते आणि आयोडीनची संयुगे हवेत सुटतात. ‘क्लाउड’ प्रयोगाने २०२१ मध्ये दाखविले की यातून बनणारे आयोडिक आम्ल कण जन्माला घालण्यात फार तत्पर आहे. सारख्याच प्रमाणात असलेल्या गंधकाम्ल-अमोनियाच्या जोडीलाही ते मागे टाकते.

या शोधाचा एक धागा गोव्यातून जातो. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताच्या दक्षिण महासागरातील मोहिमा आखते. अशा मोहिमांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरापासून थेट दक्षिणेकडच्या थंड पाण्यापर्यंत आयोडीन ऑक्साइडची मोजमापे घेतली आहेत. ओझोन हा मोटारी आणि कारखान्यांच्या धुरातूनही तयार होतो, हे लक्षात घेतले तर यातील गुंतागुंत ध्यानात येते. माणसाने हवा मळवली तर समुद्राचा नैसर्गिक श्वासही बदलतो.

एक समुद्र, दोन हवा

अरबी समुद्राचे वैशिष्ट्य असे की तो वर्षातून दोनदा हवा बदलतो. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून येतो. हिवाळ्यात तो उलटतो आणि भारतीय उपखंडाची हवा समुद्रावर लोटतो. हिवाळ्यातील हवेचा परिणाम किती दूरवर जातो हे पाहण्यासाठी जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ ही आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुटझेन हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते, तर भारतीय बाजूचे नेतृत्व ए. पी. मित्रा यांच्याकडे होते. भारताचे ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज गोव्याहून निघून विषुववृत्तापलीकडे मॉरिशसपर्यंत गेले. मोहिमेला समुद्रावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला तपकिरी धुरकट थर आढळला. त्यातील बहुतांश कण मानवनिर्मित होते. जहाज दक्षिणेकडे सरकत विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा ओलांडते झाले तसतशी कणांची संख्या झपाट्याने घटली आणि निर्मळ समुद्राची हवा लागली.

पावसाळ्यात चित्र वेगळे होते. समुद्रातून गंधकाचा वायू अधिक निघतो. पण आभाळ झाकलेले, वारा सोसाट्याचा, हवेत मिठाचे कण अमाप. म्हणजे ज्या ऋतूत आपल्याला बी हवे, त्या ऋतूत समुद्रालगतचा तरवा रुजण्यास परिस्थिती प्रतिकूल. मिठाचे कण आणि उंचावर जन्मून खाली उतरलेले कण यांच्यात वाटा कसा पडतो, हे ठिकठिकाणी मोजावे लागते. पुण्याच्याच संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी उंचावरील प्रयोगशाळा उभारली. समुद्रावरून आलेले ढग तेथे खोलीच्या दारातूनच जातात, इतके ते डोंगरमाथ्याला टेकलेले असतात. तेथेही नवकणनिर्मितीच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

हिशेब कशासाठी?

समुद्र आणि ढग यांच्या नात्याबद्दल १९८७ मध्ये लवलॉक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक मोहक कल्पना मांडली होती. समुद्र तापला की प्लवक वाढतील, वायू अधिक निघेल, ढग अधिक पांढरे होतील, ऊन अडेल आणि समुद्र पुन्हा निवेल. पृथ्वी जणू स्वतःच पंखा हलवून घेईल. या कल्पनेने पुढच्या पिढीतील संशोधनाला दिशा दिली. परंतु मोजमापे वाढत गेली तशी साखळीची प्रत्येक कडी वाटली त्याहून सैल निघाली. वायू वाढला म्हणून तेवढे कण वाढत नाहीत, कारण मध्ये लूट आहे, मीठ आहे, उंचावरचा फेरा आहे. २०११ मध्ये तर दोन संशोधकांनी ही कल्पना आता निवृत्त करावी, असेच मत मांडले. समुद्र आपला ताप स्वतः उतरवील आणि आपण निश्चिंत राहावे, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

दुसरी बाजू अधिक निकडीची आहे. हवेतील कण ऊन परतवून पृथ्वीला काहीसे थंड ठेवतात आणि हरितगृह वायूंमुळे होणारी तापमानवाढ अंशतः झाकतात. किती झाकतात, हा हवामानशास्त्रातील सर्वांत मोठ्या अनिश्चिततांपैकी एक आहे. धुराने ढगांत किती भर घातली हे काढायचे तर धूर नव्हता तेव्हा ढग कसे होते हे आधी माहीत हवे. खतावणीत सुरुवातीची शिल्लकच लिहिलेली नसेल तर पुढच्या जमाखर्चाचा मेळ कसा बसणार? ती आरंभीची शिल्लक म्हणजेच निर्मळ समुद्रावर आपोआप जन्मणारे कण.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी हा निर्णय हितकारक होता, आणि मुरगाव बंदराच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ते वेगळे सांगायला नको. त्याचबरोबर जहाजांच्या मागे ढगांत उमटणारे पांढरे पट्टे उपग्रहांना पूर्वीपेक्षा कमी दिसू लागले. हवा स्वच्छ करणे आवश्यकच आहे, पण ती स्वच्छ होताना ढग, ऊन आणि पाऊस यांत काय बदल होईल, हे आधी जाणून घेणेही तितकेच आवश्यक आहे. ज्या प्रदेशाची शेती, धरणे आणि विहिरी चार महिन्यांच्या पावसावर उभ्या आहेत, त्याच्यासाठी तर अधिकच.

कमरीपेठेवर थांबलेला जूनमधला ढग पुन्हा नजरेसमोर आणू. त्यातील एखाद्या थेंबाच्या मध्यभागी कदाचित मिठाचा कण असेल, कदाचित एखाद्या चुलीचा धूर. आणि कदाचित तेथे असा कण असेल, ज्याचे गंधक काही आठवड्यांपूर्वी समुद्रात एका प्लवकाच्या पेशीत होते. ते वायू होऊन हवेत आले, मोठ्या ढगाबरोबर बारा किलोमीटर उंच गेले, तेथे चार रेणूंच्या संगतीने कण झाले, उतरता उतरता वाढले आणि घाट ओलांडून हुबळीपर्यंत आले. या पेरणीला कोणतेही विमान लागले नाही. मात्र ज्या जमिनीत हे बी रुजते, ती हवा आपल्या हातात आहे. तिच्यात आपण काय मिसळतो, त्यावर पुढचे पीक ठरणार आहे.